बुधीचं तिसरं मागणं

ही गोष्ट फार जुनी नाही. फार जुनी असती, तर शेवट गोड करून सांगता आला असता.

डोंगराच्या उतारावर एक रान होतं. आवळीचं रान म्हणायचे त्याला. सकाळी धुकं उतरलं की पानापानावर पाण्याचे इवले इवले मणी लटकायचे, आणि ऊन आलं की ते हिरवे, जांभळे, सोनेरी होऊन लुकलुकायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय हे वैभव. पण जवळ जाऊन बघा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी त्या रानाची गत झाली होती. आवळीची झाडं होती, पण सगळी म्हातारी. कुणाच्या खोडात ढोली, कुणाच्या फांद्यांवर बांडगूळ, कुणी अर्धं वाळलेलं. त्यांच्या पायाशी हिरवंगार पिटुकलं रोप म्हणून एक दिसायचं नाही.

त्या रानाच्या कडेला कुडाच्या घरात बुधी राहायची. बुधवारी जन्मली म्हणून बुधी. वय वर्षं आठ, अंगावर एकच निळं परकर-पोलकं, आणि तेही आत्याच्या मुलीचं उतरलेलं. घरात ती आणि तिची आई चांगुणा, दोघीच. बाप दोन पावसाळ्यांमागे तापाने गेला होता. थंडीत आवळे वेचायचे, उकडून वाळवायचे, खालच्या बाजारात नेऊन तांदूळ आणायचे, यावर दोघींचं पोट चालायचं. मागच्या थंडीत चांगुणा ज्या फांदीवर चढली होती ती आतून पोकळ निघाली. फांदीसकट चांगुणा खाली आली. पायाचं हाड जुळलं, पण वाकडं जुळलं, आणि तेव्हापासून टोपली बुधीच्या डोक्यावर आली.

"औंदा टोपली अर्धीच भरती," चांगुणा एका संध्याकाळी म्हणाली. "म्होरल्या दिवाळीला खाली वीटभट्टीवर जावं लागंल, बुधे."

"तुझ्या पायानं भट्टीचं काम व्हईल का, आय?"

"न व्हऊन सांगती कुणाला?"

भट्टीवर गेलेली तीन घरं बुधीला माहीत होती. त्यातलं एकही माणूस पूर्वीसारखं होऊन परत आलं नव्हतं. पोरं तर बारा महिने खोकायची. बुधीला भट्टीची फार भीती वाटायची आणि ती भीती ती आईला सांगायची नाही.

ती एवढंच करायची. रानात गेली की एक आवळा खायची, त्याची बी मातीत पुरायची, आणि प्यायला आणलेलं गडूभर पाणी स्वतः न पिता त्या बीवर ओतायची. उन्हात घसा कोरडा पडायचा. शंभरेक बिया तिने अशा पुरल्या असतील. एकीलाही कोंब आला नाही.

एके दिवशी सकाळी ती अशीच पाणी ओतत होती, तेव्हा वरून कुणीतरी कंटाळून म्हणालं, "पुरे कर गं. ते असं उगवायचं नाही."

बुधीने वर पाहिलं. आवळीच्या फांदीवर एक परी बसली होती. साळुंकीएवढी, चिमुकली. सोनकीच्या पिवळ्याधमक पाकळ्यांचा तिचा झगा, मोरपंखी झाक असलेले पंख, केसांत जांभळं रानफूल. पण पंखांच्या कडा झिजलेल्या होत्या, आणि एवढ्या मोठ्या घेरदार झग्यावर चमचमणाऱ्या टिकल्या मोजून तीन. बाकी सगळीकडे टिकल्या उसवल्याच्या खुणा.

"तू परी हाईस?" बुधीने विचारलं.

"होते. अजून थोडी आहे." परीने झगा सारखा केला. "हे रान जसजसं ओसरत गेलं, तसतशा माझ्या झग्यावरच्या टिकल्या उसवत गेल्या. कधी काळी मी उडाले की उतारभर रुपेरी उजेड पडायचा. आता तीन उरल्यात. तुझ्या बिया बघत होते रोज. स्वतःच्या तोंडचं पाणी घालतेस, म्हणून आले. नाहीतर माणसांशी बोलायची मला हौस नाही."

"मग बी का उगवंना?"

"आवळीची बी हट्टी असते. तिला भेकर लागतं, ते कुत्र्यासारखं भुंकणारं लहानसं हरीण. भेकर खाली पडलेला आवळा गिळतं, लांब जाऊन सावलीत बसतं, निवांत रवंथ करतं, आणि मऊ झालेली बी तोंडातून टाकून देतं. तिथे रोप येतं. म्हाताऱ्या झाडाच्या पायाशी पुरून काही येत नसतं."

"भेकरं कुठं गेली?"

परीने तिच्याकडे टक लावून पाहिलं. "तुमच्या पातेल्यात," ती म्हणाली.

ते खरंच होतं. शिमग्याला गावाची पारध निघायची. पुरुष आणि पोरं डफ, डबे वाजवत एका बाजूने रान उठवायची, दुसऱ्या बाजूला भाले आणि कुऱ्हाडी घेऊन माणसं उभी राहायची. जे सापडेल त्याचे वाटे पडायचे. घर तितके वाटे, कुणाचं घर चुकायचं नाही. ज्या घरात कर्ता पुरुष नाही त्या घराचा वाटा सर्वांत आधी काढायचा, ही त्या गावाची रीत. किती चांगली रीत. आता ही चांगली माणसं इतकी वर्षं इतके चांगले वाटे काढत राहिली, की रानात वाटायला काही उरलं नाही. त्यांच्यात एक जरी दुष्ट असता, तर त्याला बोल लावून मी मोकळा झालो असतो.

"तीन टिकल्या आहेत, तीन मागणी मागता येतील," परी म्हणाली. "पण नियम ऐकून घे. मागायचं ते रानाचं मागायचं. घरातलं, बाजारातलं, माणसांच्या मनातलं काही मागायचं नाही. मेलेलं परत मागायचं नाही. आणि जे येईल त्याला हाताने भरवायचं नाही, कुरवाळायचं नाही, नाव ठेवायचं नाही."

आईचा पाय बुधीच्या ओठांवर आला होता. तो तिने गिळला.

"नाव का ठेवायचं न्हाय?"

"माझ्या हातून जे येतं त्याला भीती ठाऊक नसते. भीती त्याचं त्याने रानात शिकायची असते. तू मध्ये आलीस तर ते शिकणार नाही."

बुधीने मान हलवली. लहान मुलं हलवतात तशी, भराभरा. मग म्हणाली, "एक भेकर दे."

"एकच?"

"एकानं काय व्हतंय ते बघू आधी."

परी पहिल्यांदा हसली. तिने एक टिकली तोडून वाऱ्यावर सोडली. टिकली गिरक्या घेत, लखलखत खाली आली, आणि जिथे जमिनीला टेकली तिथे एक भेकराचं पिल्लू उभं होतं. तांबूस अंग, नाजूक काटकुळे पाय, ओलं काळं नाकुलं, आणि डोळे केवढाले. ते थेट बुधीकडे चालत आलं आणि तिच्या परकराचा काठ हुंगायला लागलं.

बुधी दोन पावलं मागे सरली. दोन दिवस तिने नियम पाळला. तिसऱ्या दिवशी पिल्लू झऱ्याच्या दगडांत पाय अडकून पडलं होतं, थंडीने लटलट कापत होतं. आता तुम्हीच सांगा, तिने काय करायला हवं होतं? तिने ते उचललं. छातीशी धरून ऊब दिली. एक आवळा फोडून तळहातावर ठेवला. पिल्लाने तो गुलाबी जिभेने चाटूनपुसून खाल्ला, आणि बुधीच्या तोंडून आपोआप निघालं, "तांबू."

परी फांदीवरून सगळं बघत होती. तिचं सांगून झालं होतं.

मग काय विचारता. बुधी रानात आली की तांबू टुणटुण उड्या मारत समोर. ती आवळे वेचायची आणि तो टोपलीतून चोरायचा. तिने तळहात पुढे केला की त्यावर नाक टेकवायचा. दुपारी जाऊन तो करवंदीच्या जाळीशी बसायचा, डोळे मिटून रवंथ करायचा, आणि त्याच्या पुढ्यात बारीक बारीक बियांची रास पडायची. माघ संपता संपता त्या जागी कोंब दिसले. नाजूक, पोपटी, दोन दोन पानांचे. बुधीने बोटं धरून मोजले, सतरा. ती धावत घरी गेली आणि आईच्या वाकड्या पायाशी बसून म्हणाली, "आय, आपण भट्टीवर न्हाय जायाचं."

"का गं? सपान पडलं का तुला?"

"तसंच समज."

तांबूचं तिने सांगितलं नाही. कुणालाच नाही. शिमगा तोंडावर आला होता, तरी तिला धास्ती वाटली नाही. तिला समजायला लागल्यापासून पारध रिकाम्या हातानेच परत येत होती. डफ वाजवायचे, रान तुडवायचं, आणि घरी येऊन डाळ-भात खायचा. शिवाय तांबू चपळ होता. डफ वाजला की पळेल, असं तिला वाटलं. त्याला माणूस म्हणजे काय वाटतं याचा तिने विचारच केला नाही.

शिमग्याच्या दिवशी सकाळपासून रानातून डफ ऐकू येत होता. दुपारी आरोळ्या उठल्या. गावात बायका दारात आल्या. एवढ्या वर्षांनी पारध मिळाली होती.

बुधी झऱ्यावरून पाणी घेऊन आली तेव्हा घरात चूल पेटली होती, आणि कधी नव्हे तो मसाल्याचा वास दाटला होता. गावातला सर्वांत जुना पारधी धावजी दारात टेकला होता. पांढऱ्या मिशा, अंगावर धुळीचा थर, चेहरा समाधानाने फुललेला. बुधीच्या बापाला भाला धरायला त्यानेच शिकवलं होतं.

"पयला वाटा तुमचा काढला, चांगुणे," तो म्हणत होता. "बारकंच व्हतं, गावाला दोन दोन तुकडं बी आलं न्हाईत. पण तुझ्या घरी चार घातल्यात. पोरगी वाळून चाललीय."

"तुमचं लई उपकार, दाजी," चांगुणा म्हणाली, आणि तिने बुधीला ताट वाढलं. चारही तुकडे बुधीच्याच ताटात घातले. स्वतःच्या भातावर तिने नुसता रस्सा ओतला.

बुधीला भूक लागली होती. तिने भात कालवला, एक तुकडा खाल्ला. दुसरा तोंडात घातला.

"एक नवल सांगू का तुला?" धावजी म्हणाला. "ते पळालंच न्हाई गं. समदं रान डफानं दणाणत व्हतं, आन ते आपलं चालत माझ्याकडं आलं. माझ्या हातावर नाक टेकवलं त्यानं. मला तर क्षणभर हात उचलवंना."

"मग?" चांगुणाने विचारलं.

"मग काय. समदी बघत व्हती."

बुधीच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. आई कौतुकाने तिच्याकडे बघत होती. एवढ्या दिवसांनी पोरीच्या पोटात काही चांगलं जात होतं. बुधीने तो घास गिळला. उरलेले दोन तुकडे आईच्या ताटात टाकले, पोट दुखतंय म्हणाली, आणि घरामागे जाऊन सगळं ओकून टाकलं. तिला इतकं रडू आलं की आवाजच फुटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रानात गेली. परी त्याच फांदीवर होती.

"त्याला परत दे."

"मेलेलं परत मागायचं नाही."

"मी मारला त्याला."

लहान मुलांच्या गोष्टीतली परी इथे म्हणते, नाही बाळा, तुझा काही दोष नाही. या परीला खोटं बोलता येत नव्हतं. ती खाली उतरली, बुधीच्या गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "तू त्याला जीव लावलास, धावजीने त्याला भाला मारला. दोन्ही मिळून तो मेला. पण त्याने लावलेली सतरा रोपं जिवंत आहेत, आणि तुझी दोन मागणी उरली आहेत."

बुधी बराच वेळ मातीत रेघोट्या ओढत बसली. मग म्हणाली, "सात भेकरं दे. लांब लांब सोड. माझ्यापाशी एक बी नगो."

दुसरी टिकली सुटली. वाऱ्यात तिचे सात चकाकते कण झाले आणि रानाच्या सात कोपऱ्यांत उतरले. सात तांबूस अंगं, सात ओली नाकुली. सातही माना वळल्या, आणि सातही भेकरं कुतूहलाने बुधीच्या दिशेने चालू लागली.

"बघितलंस?" परी म्हणाली. "यांनाही भीती नाही. तू रोज रानात येणार, आणि तुझ्या मागे मागे करत ही माणसाला सरावणार. पुढच्या शिमग्याला ही आपण होऊन डफाकडे जातील."

"मग गावातल्या मान्सांचं मन बदल."

"माणसांच्या मनातलं मागायचं नाही. तिथे माझं चालत नाही. चालत असतं तर माझ्या टिकल्या गेल्या असत्या का?"

"मग ह्यांना भीती दे."

परीचे झिजलेले पंख एकदा मिटले, एकदा उघडले. "देता येईल," ती म्हणाली. "पण नुसती भीती देता येत नाही, बुधी. भीतीला चेहरा लागतो. एका माणसाचा चेहरा, त्याचा वास, त्याची पावलं. ती यांच्या रक्तात घालीन. मग दोन पायांवर चालणारं काहीही दिसलं की ही पळतील, पिल्लांनाही तेच शिकवतील. पण ज्याचा चेहरा दिला, त्याच्यापासून सर्वांत आधी पळतील, सर्वांत लांब पळतील, तो मरेपर्यंत. कुणाचा देऊ?"

"धावजीदाजींचा."

"धावजी म्हातारा आहे. थोड्या वर्षांत जाईल, त्याच्याबरोबर भीतीही जाईल. पुष्कळ वर्षं जगणारं कुणीतरी हवं. आणि रोज रानात येणारं."

बुधीला कळलं. आठ वर्षांची असली तरी कळलं. सातांपैकी एक भेकर अगदी जवळ येऊन उभं होतं. मान लांबवून ते तिच्या हाताकडे बघत होतं. तिचा हात त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर होता. तिने तो पाठीमागे घेतला आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला.

"माझा दे," ती म्हणाली.

परीने शेवटची टिकली तोडली. ती बुधीच्या कपाळाला क्षणभर टेकवली आणि सोडून दिली. जवळचं भेकर एकदम दचकलं. त्याच्या डोळ्यांत बुधी होती, आणि त्या बुधीला बघून ते थरथर कापलं. दुसऱ्याच क्षणी ते कुत्र्यासारखं कर्कश भुंकलं आणि उडी मारून जाळीत शिरलं. मग रानाच्या दुसऱ्या कोपऱ्यातून भुंकणं आलं, मग तिसऱ्या. बुधी तशीच हात पाठीमागे धरून उभी राहिली.

"तू चांगली मुलगी आहेस," परी म्हणाली. "चांगल्यांना बक्षीस द्यायचा आमचा रिवाज आहे. तुला हे रान मिळेल. तुझी आई भट्टीवर जाणार नाही. यापलीकडे माझ्याजवळ काही नाही."

बोलता बोलता ती उजळत गेली. आधी झग्याच्या पाकळ्या, मग पंख, मग केसांतलं जांभळं फूल. पिवळा, रुपेरी, मोतिया उजेड म्हाताऱ्या आवळ्यांच्या खोडाखोडावरून ओघळला, वाळक्या फांद्यांवर क्षणभर सोनं चढलं, आणि परी त्या उजेडात विरून गेली.

परीने शब्द पाळला. पुढच्या शिमग्याला पारध रिकामी आली, त्याच्या पुढच्याही. डफाचा पहिला ठोका पडण्याआधीच भेकरं डोंगरापलीकडे पोचलेली असायची. चौथ्या वर्षी धावजीने भाला आढ्याला खोचला आणि गावाने पारधच सोडली. दया आली म्हणून नव्हे, दमले म्हणून. एकदा वरून कुणी साहेब आले, ठिकठिकाणी उगवलेली पोपटी रोपं पाहून खूश झाले, आणि गावाने रान राखलं म्हणून धावजीला शाल आणि श्रीफळ देऊन गेले. धावजीने दोन्ही आनंदाने घेतलं. चांगुणा वाकड्या पायाने का होईना, आपल्या घरात, आपल्या चुलीपाशी म्हातारी झाली.

आणि बुधी? बुधी मोठी झाली. गावातल्या इतर पोरींना भेकरं लांबून का होईना दिसायची. पहाटे झऱ्यावर पाणी पिताना, जाळीशी पिल्लाला चाटताना. त्या येऊन सांगायच्या, बुधी ऐकायची. तिला स्वतःला त्या दिवसानंतर एकही भेकर दिसलं नाही. तिचं पाऊल रानाच्या कडेला पडलं की आतून भुंकणं सुरू व्हायचं आणि ती बाहेर पडेपर्यंत थांबायचं नाही. गावाने काही काळ हे ऐकलं, मग गावाला जे वाटायचं ते वाटलं. हिच्या अंगात काहीतरी वाईट आहे, मुकी जनावरं उगाच भुंकत नसतात. बायका तान्ही पोरं तिच्या वाटेतून उचलून घ्यायला लागल्या. तिला सोयरीक आली नाही. कुणाच्या बारशाला तिला बोलावणं गेलं नाही. खरं काय ते सांगितलं असतं तरी कोण विश्वास ठेवणार होतं, आणि ठेवला असता तर तिला रानापासून लांब ठेवून पारध पुन्हा निघाली असती. म्हणून ती गप्प राहिली.

केस पांढरे झाल्यावरही ती रोज रानात जायची. हिरव्या सावलीत, उन्हाच्या कवडशांत, आवळ्यांनी लगडलेल्या तरण्या झाडांखाली ती टोपली घेऊन उभी राहायची आणि कान द्यायची. कुठून कुठून भुंकतात ते बोटांवर मोजायची. एका वर्षी नऊ जागांहून आवाज आले. यंदा मोजले तर अकरा भरले. ती स्वतःशीच हसली, पदराने डोळे पुसले, आणि त्यांना फार वेळ घाबरत बसावं लागू नये म्हणून अर्धी टोपली भरताच घरी निघाली.